नडगीला तीन महिने द्या

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की खान्देशातल्या गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे पाचला पोरं-पोरी धावताना दिसतात. पोरांना 1600 मीटर मारायचे असतात, पोरींना 800. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यातले कितीतरी जण नडगी धरून बसतात.

दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, हाडाला तेवढ्यात जमत नाही. धावण्याचा मार बसू लागला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. हे पुरं व्हायला तीन-चार महिने जातात. पोखरलं गेलंय पण भरलं नाही, असा काळ महिन्याभरातच येतो. नेमका तेव्हाच दम वाढलेला असतो, म्हणून पोरगं जोर लावतं.

त्यामुळे या आठवड्यात एकूण 10 किलोमीटर झाले असतील तर पुढच्या आठवड्यात 11 करा, 15 नको. तीन आठवडे वाढवलं की चौथ्यात तिसरा हिस्सा कमी करा. वेगाचा सराव आठवड्यातून दोनदाच, तोही लागोपाठ नाही.

जागाही बघा. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, रोज एकाच हाताला धावलं की एक पाय कायम खाली पडतो. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे घोटा मुरगळतो. शाळेचं मुरमाचं सपाट मैदान या दोन्हींपेक्षा बरं.

दुखायला लागलं तर नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्यापर्यंत न्या. तीन-चार बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर अंतर निम्मं करा, बर्फ फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं धरा, दोन आठवडे बघा. पण बोटाच्या टोकाएवढी एकच जागा ठणकत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल, तर धावणं त्याच दिवशी बंद. हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आला’ एवढ्यावर परत धावू नका. हाडांच्या डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. चोळून घेणं आणि वेदनाशामक गोळी खाऊन धावणं, दोन्ही टाळा. गोळीने दुखणं झाकलं जातं, चीर मात्र वाढत राहते.

दुखत नसताना पोटरी कमवा. ओट्याच्या पायरीवर चवडे टेकून टाचा वर न्या, मग तीन आकडे मोजत खाली सोडा. असे 15, तीन वेळा, एक दिवसाआड. नंतर तेच गुडघे थोडे वाकवून, कारण पोटरीचा खोलवरचा स्नायू तेव्हाच खरा कामाला लागतो.

आता ताट. धावून आल्यावर चहा आणि खारी, यावर हाड भरत नाही. निघण्याआधी अर्धा तास एक केळं, आल्यावर तासाभरात ग्लासभर दूध आणि मूठभर शेंगदाणे किंवा दोन अंडी. 50 किलोच्या मुलाला दिवसाला साधारण 70 ग्रॅम प्रथिनं लागतात. आपली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी इथे फार कामाची. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी असतो, तो उडीद भरून काढतो. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद दळला आणि भाकरीला 80 ग्रॅम पीठ धरलं, तर एका भाकरीत जवळपास 10 ग्रॅम प्रथिनं मिळतात. जोडीला डाळ हवीच.

मुलींच्या घरच्यांनी एक गोष्ट न लाजता विचारावी. सराव वाढल्यावर पाळी लागोपाठ तीन महिने आली नाही, तर ती ‘धावते म्हणून’ असं समजून सोडू नका. खाणं सरावाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते, आणि अशा वेळी हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांना दाखवा, तोवर सराव कमी आणि ताट मोठं.

दुखण्यानंतर धावणं परत सुरू करताना आधी 30 मिनिटं झपझप चालून बघा. अजिबात दुखलं नाही, तर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून पाय खाली टेकताना नडगी बोलली, तर पुन्हा चालण्यावर या.