सायकल-स्केटिंगचा ट्रॅक आणि मैदानाचे वेळापत्रक

सांगली इतकी सपाट आहे की येथील सायकलपटूला चढाचा सराव करायचा असेल तर दंडोबाच्या डोंगरापर्यंत जावे लागते. तरीही मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या काळात, आणि विशेषतः खंडाळ्याच्या घाटात ‘घाटाचा राजा’ कोण ठरणार या प्रश्नावर, आमच्या शहरात होणारी चर्चा ऐकली तर हा खेळ येथे परका नाही हे कोणाच्याही लक्षात यावे. असे असूनही आठवीतल्या एखाद्या मुलीला सायकलवर वेग धरण्याचा सराव करायचा असेल किंवा सात वर्षांच्या मुलाला स्केट्स घालून उभे राहायला शिकायचे असेल, तर त्यांच्यासाठी हक्काची अशी जागा नाही. स्केटिंगचे वर्ग शाळांच्या पटांगणात, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आणि सुट्टीत मंगल कार्यालयांच्या फरशीवर भरतात. सायकलवाली मुले पहाटे बायपासला किंवा शंभर फुटी रस्त्यावर जातात आणि उजाडून ट्रकांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी परत येतात.

विश्रामबाग परिसरात आम्ही काही पालक, दोन क्रीडाशिक्षक आणि काही हौशी सायकलस्वार मिळून अशी जागा व्हावी यासाठी प्रयत्न करीत आहोत. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता असल्यामुळे आराखड्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. आराखडा काढणे हा त्यातला सोपा भाग होता. परिसरातील माणसांचा पाठिंबा कसा उभा राहतो, तो कोठे अडतो आणि अडल्यावर काय करावे लागते, यासंबंधी जे शिकायला मिळाले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण इस्लामपूर, तासगाव, जत अशा ठिकाणीही असे प्रयत्न कोणी ना कोणी करीलच.

प्रथम मागणी नेमकी कशाची, हे सांगितले पाहिजे. ‘सायकल ट्रॅक’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पुण्यातील बालेवाडीचा व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींसाठी बांधलेला कललेल्या वळणांचा ट्रॅक, येतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा व्हेलोड्रोम २५० मीटरचा असतो आणि त्याची वळणे चाळीस अंशांहून अधिक कललेली असतात. अशा वळणावर सायकल हळू चालवली तर ती खाली घसरते. शिकणाऱ्या मुलांसाठी त्याचा उपयोग नाही आणि त्याचा खर्च आपल्या महापालिकेच्या आवाक्यातला नाही. आमची मागणी साधी आहे. स्केटिंगसाठी २०० मीटरचा, सहा मीटर रुंदीचा लंबवर्तुळाकार ट्रॅक, त्याच्या बाहेरून सायकलींसाठी वेगळी पट्टी, आणि एका कोपऱ्यात लहानसा पंप ट्रॅक. पंप ट्रॅक म्हणजे उंचवटे आणि उभारलेली वळणे यांची सलग वाट. तिच्यावर पॅडल न मारता, केवळ शरीर खाली-वर करून वेग घेता येतो. ती सायकल, स्केटबोर्ड, स्कूटर सगळ्यांना चालते आणि फारशी जागा खात नाही. या सगळ्यासाठी दीड एकराच्या आसपास सलग जागा लागते.

सायकल आणि स्केटिंग यांना एकाच पट्टीवर आणण्याचा मोह खर्चामुळे होतो. तो टाळला पाहिजे. स्केटरचा पाय सरळ पुढे जात नाही, तो प्रत्येक ढकलीला बाजूला फेकला जातो, त्यामुळे एका मुलाला दोन मीटर रुंदी सहज लागते. शिवाय स्केटचे चाक लहान आणि कडक असते; सायकलच्या टायरला जाणवतही नाही असा हरभऱ्याएवढा खडा किंवा काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधला सांधा स्केटरला तोंडावर पाडू शकतो. (मिरज जवळ आहे आणि तेथे दवाखाने भरपूर आहेत, हे मला एका बैठकीत गंभीरपणे सांगण्यात आले होते.)

आता जमिनीविषयी. विश्रामबागेपासून कुपवाडपर्यंत बहुतेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर थेट ओतलेले काँक्रीट दोन-तीन वर्षांत तडकते. म्हणून काळी माती काढून मुरूम भरणे, दाबणे, पाण्याचा निचरा करणे आणि मगच वरचा थर घालणे, हा क्रम सोडता येत नाही. अंदाजपत्रकात नेमका हाच भाग कापला जातो, कारण उद्घाटनाच्या दिवशी तो दिसत नाही. कोणी सुचवले की नदीकडेची जागा मिळेल, ती घ्या. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्याच्या हद्दीच्या, आत बाग, मोकळी जागा यांसारखेच वापर चालतात, तेव्हा ट्रॅकही बसेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आठवडाभर पाण्याखाली राहिलेले डांबर उखडते आणि काँक्रीट टिकले तरी त्यावरचा गाळ काढायला कोण येणार, याचे उत्तर त्या दिवसांत घराघरांतला गाळ उपसलेल्या माणसांना विचारावे. ती सूचना आम्ही नाकारली.

कागदांची बाजू थोडक्यात सांगते. मैदान म्हणून वापरात असलेला प्रत्येक भूखंड महापालिकेचा असतोच असे नाही. विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण असूनही जमीन खाजगी मालकाकडेच असू शकते आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत ती संपादित झाली नाही, तर मालकाने नोटीस दिल्यानंतर ठरावीक मुदतीत ते आरक्षण रद्द होऊ शकते. काही भूखंड हे लेआउटमधील खुल्या जागा असतात आणि त्यांवर तेथील रहिवाशांचा हक्क असतो. त्यामुळे नगररचना विभागातून भाग नकाशा आणि मालमत्तेचा उतारा हातात आल्याशिवाय वर्गणीची पावती फाडू नये. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. तेवढे थांबणे परवडते.

सह्यांची मोहीम आम्ही सर्वप्रथम घेतली आणि तिला भरघोस प्रतिसाद मिळाला. सही करायला कोणाचे काही जात नाही. ज्याला काहीतरी सोडावे लागणार होते, त्याच्यापाशी गेल्यावर खरे बोलणे सुरू झाले. आम्ही सुचवलेल्या भूखंडावर पहाटे फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक आहेत, संध्याकाळी टेनिस बॉलने क्रिकेट खेळणारी मुले आहेत, नवरात्रात मांडव घालणारे मंडळ आहे आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या समोरच्या घरांतील बायका आहेत. या सगळ्यांच्या दृष्टीने ती जागा रिकामी नव्हती. आमच्या पहिल्या अर्जात मात्र ‘वापराविना पडून असलेला भूखंड’ असे शब्द होते आणि ते वाचूनच निम्मा विरोध तयार झाला असावा.

फिरायला येणाऱ्यांचे म्हणणे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मांडले. ते म्हणाले, “मुलांची सकाळची शाळा, म्हणजे तुमचा सराव पाचला. आम्हीही पाचलाच येतो. मग आम्ही कुठं जायचं, तेवढं सांगा, लगेच सही करतो.” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. चाकांवरून वेगाने येणारी मुले आणि हातात काठी घेऊन चालणारी माणसे एकाच पट्टीवर एकाच वेळी असू शकत नाहीत. मी सरांना आराखडा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले की कुंपण आणि ट्रॅक यांच्यामध्ये ही जी पट्टी सोडली आहे, ती कशासाठी? ती सुरक्षिततेसाठी सोडलेली मोकळी जागा होती. तिची रुंदी थोडी वाढवून, मध्ये कमरेएवढे जाळीचे कठडे घालून, मुरमाचा चालण्याचा मार्ग करता येईल, असे त्या बैठकीतच ठरले. गुडघेदुखीच्या माणसाला काँक्रीटपेक्षा मुरूम बरा, हे सांगणारेही तेच. एकूण खर्चाच्या मानाने ही वाढ किरकोळ होती. त्यानंतर ज्येष्ठ नागरिकांनी आपल्या नावाने स्वतंत्र निवेदन दिले आणि महापालिकेत त्या निवेदनाला आमच्या शेकडो सह्यांपेक्षा अधिक वजन आले, हे मला स्पष्ट दिसले.

मंडळाचा प्रश्न मांडवाच्या खांबांचा होता. खांबांसाठी खड्डे पाडले की स्केटिंगचा पृष्ठभाग संपलाच. त्यांच्यासाठी प्रवेशद्वाराजवळची जागा, खांब बसवायच्या पक्क्या खाचांसह (सॉकेट), ठेवायची, असे ठरले. मंडळाची माणसे सोबत आल्याचा फायदा असा की परवानगी कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाते आणि वर्गणीचा हिशेब चौकात कसा लावायचा, हे त्यांना तोंडपाठ असते. आम्हां शिकलेल्या मंडळींना ते येत नव्हते.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचे समाधान मात्र आम्हाला करता आलेले नाही. ट्रॅकच्या आतल्या भागात खेळू द्यावे असे एकाने सुचवले, परंतु स्केटिंग चालू असताना ट्रॅकवर आलेला एक चेंडू अपघाताला पुरेसा आहे. आत कबड्डी आणि व्हॉलीबॉल बसतात, क्रिकेट बसत नाही. त्या मुलांचे नुकसान होणार आहे आणि ते तसे म्हणण्यात काहीच गैर नाही. त्यांच्यासाठी जवळच्या दुसऱ्या मैदानावर दिवे लावावेत, अशी मागणी आम्ही आमच्याच अर्जात जोडली आहे. ती मान्य होईपर्यंत त्यांच्याकडे सही मागायला जायचे नाही, असे मी सुचवले आणि बहुतेकांना ते पटले.

सगळ्यांत मोठी शंका वेगळीच होती. एका बाईंनी ती थेट विचारली. “ट्रॅक झाला की एखादा क्लासवाला ताबा घेणार, महिना हजार रुपये फी लावणार आणि आमच्या पोरांना गेटवरनं हाकलणार, होय ना?” या शंकेला आधार आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सुविधा ठेक्यावर गेल्यानंतर आसपासच्या मुलांना परक्या झाल्याची उदाहरणे प्रत्येक शहरात सापडतात. मी त्या बाईंच्या बाजूने आहे. म्हणून प्रस्तावातच लिहिले आहे की दररोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक तास विनामूल्य राहतील, खाजगी वर्गांना उरलेले तासच भाड्याने मिळतील, वेळापत्रक फाटकावर रंगवलेले असेल आणि ते बदलायचे झाल्यास परिसरातील नागरिकांच्या बैठकीत बदलले जाईल. मुलींसाठी राखीव तास असावेत की नाही यावर बराच वाद झाला. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात २०१५ मध्ये स्केटपार्क झाला, तेव्हा तेथे ‘मुली आधी’ आणि ‘शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही’ असे दोनच नियम पुढे ठेवण्यात आले. त्याच गावातील आशा गोंड पुढे २०१८ मध्ये चीनमधील जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. आमच्याकडे राखीव तासाऐवजी ‘मुली आधी’ हा नियमच घ्यावा, असे शेवटी ठरले. माझे मत राखीव तासाचे होते, पण बहुमत तिकडे गेले.

पदकांचा मुद्दा कोठे मांडावा आणि कोठे मांडू नये, हेही कळले. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत भारताला रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेमध्ये पुरुष आणि महिला अशी दोन कांस्यपदके मिळाली. २०२५ मध्ये आनंदकुमार वेलकुमार याने जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. ही माहिती कार्यालयात उपयोगी पडते, कारण फाइलवर टिपणी लिहिणाऱ्याला काहीतरी लिहायचे असते. कॉलनीत तिचा उलटा परिणाम होतो. ‘चार मुलांच्या पदकासाठी आमचे मैदान कशाला?’ असा प्रश्न लगेच येतो. शेजाऱ्याला पटते ते एवढेच की त्याची नात ट्रकांच्या रस्त्यावर न जाता सायकल शिकेल.

पैशांबाबत लोकांचा समज असा की पैसेच मिळणार नाहीत. उभारणीसाठी ते मिळू शकतात. खासदार निधी वर्षाला पाच कोटींचा असतो, आमदार निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, आणि कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय मान्यताप्राप्त व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश असल्याने कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही मागता येतो. यांतील बहुतेक पैसा बांधण्यासाठी मिळतो, झाडण्यासाठी मिळत नाही. रोज सकाळी ट्रॅकवरचे खडे आणि पाने झाडणे, दिव्यांचे बिल भरणे, दर काही वर्षांनी वरचा थर नव्याने देणे, हा खर्च कायमचा आहे. आपल्याकडच्या तालमीत आखाड्याची माती जो लढतो तोच उकरतो आणि मळतो. त्यासाठी महापालिकेकडे कोणी अर्ज करीत नाही. तशी पाळी मुलांनी आणि पालकांनी लावून घ्यावी, असा आमचा प्रयत्न आहे. वर्गांच्या भाड्यातून वीजबिल निघेल असा हिशेब मी मांडला आहे आणि तो फारसा सैल नाही.

आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाण्यापूर्वी या कामाची तरतूद त्यात यावी, म्हणून सुधारित आराखडा, ज्येष्ठ नागरिकांचे निवेदन आणि तासांचे वेळापत्रक एकत्र करून आम्ही देणार आहोत. तोपर्यंत दर रविवारी सकाळी कॉलनीतील एक अंतर्गत रस्ता दोन तास वाहनांसाठी बंद ठेवून मुलांना देता येईल का, यासाठी वाहतूक शाखेकडे वेगळा अर्ज तयार केला आहे. त्या रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येक घराची लेखी संमती त्याला जोडायची असून दोन घरे अजून तयार नाहीत. त्यांची अडचण गाड्या बाहेर काढण्याची आहे, आणि ती सोडवण्यासाठी पुढच्या बैठकीला त्यांनाच बोलावले आहे.