ग्रीनहॅम कॉमन : विमानतळ मोडून झालेलं गायरान

भाची इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. "मामा, विमानतळ बघायला चला," म्हणाली आणि न्यूबरीच्या बाहेर मला चक्क गुरांमध्ये आणून उभं केलं. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, मुरमाड पायवाट, रवंथ करणाऱ्या गाई. विमानतळ कुठंय, विचारणार तोच झुडपाआडून डोकं काढलेला फायर हायड्रंट, म्हणजे आग विझवायला पाणी देणारा नळ, दिसला. रानात हायड्रंट? तर इथूनच धावपट्टी जायची, तीन किलोमीटर लांब!

'कॉमन' म्हणजे साधारण आपलं गायरान. काही घरांचा इथे पिढ्यान्‌पिढ्या चराईचा हक्क. १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानतळासाठी सरकारनं जमीन ताब्यात घेतली. ५ जून १९४४ च्या संध्याकाळी, तोंडाला काळं फासलेल्या पॅराट्रूपर पोरांशी दोस्त राष्ट्रांचे सेनापती आयझेनहॉवर बोलतायत, तो प्रसिद्ध फोटो इथलाच. त्याच रात्री ती पोरं जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, नॉर्मंडीवर उतरली.

युद्ध संपलं, तरी तळ काही सुटला नाही. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन बाँबर विमानांसाठी धावपट्टी वाढवली. पुढे ठरलं, की इथे ९६ अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायची. त्याविरुद्ध सप्टेंबर १९८१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफहून काही बायका चालत आल्या आणि फाटकापाशी ठाण मांडून बसल्या. १२ डिसेंबर १९८२ ला तर सुमारे ३०,००० जणींनी हातात हात धरून नऊ मैलांच्या कुंपणाला वेढा घातला. कुंपणावर बाळांचे कपडे, घरच्यांचे फोटो अडकवले. नंतर नववर्षाच्या पहाटे ४४ जणी आत घुसून क्षेपणास्त्रांच्या कोठारांवर नाचल्या.

मला खरी गंमत वाटली ती खटल्याची. तळावर घुसखोरी नको म्हणून १९८५ मध्ये सरकारनं उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते नियम केले, त्याखाली बायकांना शिक्षा होऊ लागल्या. दोघी थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत भांडल्या आणि १९९० मध्ये जिंकल्या. कारण काय, तर या उपविधींनी चराईचे हक्क डावलले होते, आणि तो अधिकार सरकारला नव्हता. अणुबाँबच्या भांडणात गाईगुरांनी बाजी मारली म्हणायची! (गायरानाच्या सातबाऱ्यावरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना हे वाचून बरं वाटेल.)

१९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत अण्वस्त्रकपात करारामुळे क्षेपणास्त्रं १९९१ पर्यंत गेली. मग धावपट्टी उखडली, कुंपण काढलं, आणि २००० मध्ये माळ लोकांसाठी खुला झाला. फाटकापाशी बसलेल्या बायकांचा मुक्कामही त्याच वर्षी उठला, म्हणजे एकोणीस वर्षांनी.

कोठारांचे सहा हिरवे उंचवटे मात्र अजून तारेच्या कुंपणाआड आहेत. लांबून बघितले तर गवताने झाकलेले बुरूज वाटतात. जुन्या कंट्रोल टॉवरमध्ये आता कॅफे आहे. तिकडे जायला निघालो, तर वाटेत एक तांबडी गाय आडवी बसलेली. भाचीनं टाळ्या वाजवल्या, मी "हैक हैक" केलं. तिनं कान हलवला, बस्स. शेवटी आम्हीच काट्यांतून वळसा घातला.