क्विरास बॉडिस: पाठीच्या सुरकुत्या आणि तिसरं फिटिंग

पाठीवर, कंबरेच्या जरा वर, आडव्या सुरकुत्या पडत होत्या आणि तीन आठवडे मी त्यांच्यावर भलताच उपाय करत होते. खरं कारण परवा सापडलं. क्विरास शिवणाऱ्या प्रत्येकीला या सुरकुत्या कधी ना कधी भेटतात, म्हणून आधी तेच लिहिते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: क्विरास म्हणजे छाती-पाठीचं चिलखत. १८७० च्या दशकाच्या मध्यावर युरोपातल्या फॅशनमध्ये बॉडिस, म्हणजे बायकांच्या पोशाखाचा धडावरचा भाग, कंबरेशी थांबेनासा झाला. तो नितंबांवरून खाली उतरला आणि अंगाला चिलखतासारखा चिकटून बसू लागला, म्हणून हे नाव. पुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन टक्स, मागे मधोमध शिवण, तिच्या दोन्हीकडे मुंढ्यापासून (बाही जोडायच्या भोकापासून) निघणाऱ्या बाकदार शिवणी आणि बगलेखाली वेगळा तुकडा. मी १८७८ च्या आसपासचा आकार धरला आहे. यात शिवणी इतक्या असतात की बिघाड एकीत होतो आणि दिसतो दुसरीकडेच.

मापं अर्थात कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारं आतलं वस्त्र, घालूनच घेतली होती. माझी आवळलेली कंबर २८ इंच भरते आणि छातीचा उंचवटा नेहमीपेक्षा बराच वर जातो, त्यामुळे रोजच्या ब्लाउजचे टक्स इथे उपयोगाचे नाहीत. पहिला नमुना मांजरपाटाचा शिवला, सगळीकडे एक-एक इंच माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) ठेवून. छातीवर छान बसला, पाठीवर मात्र तीन आडव्या घड्या. मला वाटलं, पाठीची लांबी जास्त झाली. कंबरेच्या वर आडवी चिमूट घेऊन अर्धा इंच कमी केला. उभी राहिले तेव्हा पाठ साफ दिसली. दहा मिनिटं घरात फिरले आणि घड्या परत आल्या, शिवाय कंबरेची खूण खऱ्या कंबरेच्या वर सरकलेली.

ती वर सरकलेली खूण हाच पुरावा होता आणि मी तो वाचला नाही. कापड पाठीत जास्त नव्हतं. खाली नितंबांवर ते कमी पडत होतं. घेर अपुरा असला की बॉडिस अंगाच्या अरुंद जागेकडे, म्हणजे कंबरेकडे, चढतो आणि चढलेलं कापड कंबरेच्या वर साठतं. पहिलं फिटिंग मी फक्त कॉर्सेटवर केलं होतं. पेटीकोट आणि स्कर्ट यांच्या पट्ट्या, मागच्या चुण्या हे सगळं बॉडिसच्या खाली येतं आणि नितंबांवर जाडी वाढवतं, हे मी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या फिटिंगला सगळं घातलं, मागच्या बाकदार शिवणी कंबरेखाली उसवल्या, तर त्या आपोआप उघडल्या. चारही शिवणी मिळून पावणेदोन इंच लागले. काढलेला अर्धा इंच पाठीला परत दिला.

तरीही एक बारीक घडी उरली होती. ती मायेची होती. कंबरेशी शिवण आत वळते, पण मायेची कड सरळच असते आणि ती आखडून कापडाला ओढते. प्रत्येक शिवणीच्या मायेला कंबरेशी आणि तिच्या थोडं वर-खाली कातरीने छेद दिले आणि घडी गेली. छेद शिवणीच्या अगदी जवळपर्यंत जायला हवेत. घाबरून अर्ध्यावर थांबलं तर फरक पडत नाही. तेव्हाच्या बॉडिसेसमध्ये आतून पाहिलं तर हे छेद दिसतात, आणि प्रत्येक छेदाची कड हाताने टाके घालून बांधलेली असते. ते काम कंटाळवाणं आहे, पण मला फार आवडतं.

आता माझा क्रम पक्का झाला आहे. आधी कंबरेवर एक पट्टी घट्ट बांधायची, बॉडिसची कंबरेची खूण तिला टाचायची, मग खाली नितंब मोकळे करायचे आणि शेवटी वर जायचं. खांदा सगळ्यात शेवटी. मी उलटं करत होते, खांद्यापासून खाली.

खांद्याचं म्हणाल तर माझा डावा उजव्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे मानेपासून डाव्या बगलेकडे तिरकी ओढ दिसत होती. डावी खांद्याची शिवण मुंढ्याच्या टोकाला पाव इंच जास्त घेतली. खांदा आणि छाती यांच्या मधल्या खळग्यात त्या काळी शिवणकाम करणाऱ्या बायका कापूस भरत असत. मीही दोन्हीकडे पातळ थर घातला, डावीकडे थोडा जाड. मुंढा काचत होता तरी खाली खोदला नाही. काच मायेचा होता, छेद दिल्यावर थांबला. मुंढा खोल केला असता तर हात उचलताना सगळा बॉडिस वर आला असता. वर आणि घट्ट असलेल्या मुंढ्यातच हात मोकळा फिरतो, यावर माझा आता पूर्ण विश्वास आहे.

तिसरं फिटिंग खऱ्या कापडात. लोकरीचा प्रत्येक तुकडा सुती अस्तरावर कच्च्या टाक्यांनी बसवला आणि दोन्ही थर एकच धरून शिवले. टक्सची टोकं छातीच्या उंचवट्याच्या एक इंच खाली थांबवली. टक्स आणि शिवणींवर पट्ट्या लावून त्यांत प्लॅस्टिकचं व्हेलबोन, म्हणजे शिवण ताठ ठेवणारं लवचिक हाड, घातलं. पट्टी किंचित सैल धरून लावली आणि हाड तिच्यात ताणून बसवलं. त्यामुळे कंबरेशी शिवण ताठ राहते आणि चुरगळत नाही. या एका गोष्टीने जो फरक पडला तो पाहून मी आरशासमोर बराच वेळ उभी होते.

आतली कंबरपट्टीही लावली. ती फक्त मागच्या शिवणींना शिवली, पुढे मोकळी ठेवली. बॉडिसच्या कंबरेपेक्षा पाऊण इंच आखूड आहे, म्हणजे ताण ती घेते आणि बटणांवर काही येत नाही. आधी ती आत हुकने लावायची, मग बटणं. दोन तास घालून बसले, उठले, वाकले, हात वर केले. कंबर जागची हलली नाही आणि पाठ सपाट राहिली.

डावी बाही बसली आहे. दोन तुकड्यांची, कोपराशी वाकलेली. तिची पुढची शिवण दोनदा फिरवावी लागली तेव्हा कापड हातावर सरळ पडलं. उजवी अजून कच्च्या टाक्यांवर आहे.