सांधा नाही, नुसती रेघ

टूर मॅनेजरचं काम म्हणजे डोकी मोजणं. जेरुसलेममध्ये पश्चिम भिंतीच्या बोगद्यात ठरल्या वेळेलाच आत सोडतात, म्हणून त्या सकाळी मी चौकातच मोजायला घेतलं. एक डोकं कमी.

आबा मागे राहिले होते. वाईकडचे, जन्म देवळांच्या दगडी कामात गेलेला. मुलाने हौसेनं पाठवलेले. तीन दिवस बसमध्ये झोपूनच होते. आता गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी हातात लोंबती धरून, एक डोळा मिटून ते भिंतीकडे बघत होते.

"पोरी, ही भिंत वळंब्यात न्हाई."

खरंच नाही. इ.स.पू. 20च्या सुमारास हेरोद राजाने ज्यूंचं मंदिर नव्याने बांधायला काढलं, तेव्हा टेकडीभोवती आधारभिंती घालून वर सुमारे 36 एकरांचा सपाट चौथरा केला. ही त्या चौथऱ्याची भिंत. मंदिर वर होतं, ते रोमनांनी इ.स. 70मध्ये पाडलं. (हे मी दर ट्रिपला चारदा सांगते, तरी बसमध्ये कुणीतरी विचारतंच, "मग देऊळ कुठाय?") भिंतीचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आत घेतलाय. "मग बरोबर," आबा म्हणाले, "भरावाचा रेटा आसतोय."

बोगद्यात 13.6 मीटर लांबीचा तो एकसंध दगड आला. सगळे फोटोंना भिडले. गाइड टनांत वजन सांगत होता, आबांचं लक्ष नव्हतं. ते सांध्यावरून नख फिरवत होते. चुना नाही, काही नाही, दगडावर दगड. "आनला कुठनं?" मी विचारून सांगितलं, खाण उत्तरेला, चढावर. "म्हंजी उताराचं काम," त्यांनी मान हलवली.

आणखी पुढे तेच घडीव चिरे, कडेनं चौकटीसारखी पट्टी, मधला भाग जरा उचललेला. आबा थांबले. तळवा टेकवला, सरकवला, परत मागे आणला.

"ह्या दोन दगडांत सांधाच न्हाई. रेघ हाय नुसती. ह्यो डोंगर हाय."

मी इंग्रजीत सांगितलं आणि गाइड बोलता बोलता थांबला. तिथे टेकडीचा खडक आडवा आला होता. तोच तासून त्यावर चिऱ्यांच्या खोट्या रेघा कोरल्यात. हे तो स्वतः टॉर्च मारून दाखवायचा, लोक आधी ओळखत नाहीत. त्याने टॉर्च आबांच्या हातात दिला. पुढची दहा मिनिटं टाकी कशी धरली असेल यावर दोघांचं चाललं होतं, मी मध्ये दुभाषी. टाकीला इंग्रजीत 'चिझल' म्हणून भागेना, आबांना टाकी आणि छिन्नी वेगळी. मागचा ग्रुप कुरकुरायला लागला.

बोगद्याच्या उत्तर टोकाला रस्ता एका न तासलेल्या खडकाशी संपतो. "काम आर्धं सोडलंया," आबा म्हणाले. गाइडने सांगितलं, 2011मध्ये भिंतीच्या दक्षिण टोकाच्या पायाखाली इ.स. 17-18च्या सुमाराची नाणी निघाली. हेरोद तर इ.स.पू. 4मध्येच गेला होता. म्हणजे तिथली भिंत त्याच्या हयातीत उभीच नव्हती.

आबा खडकावर टेकले, चप्पल झटकली.

"राजा गेला म्हंजी बिलं आडकली आसनार."