धुण्याचे यंत्र आणि पिळण्याचा प्रश्न : आमची वाटचाल

आम्ही बनवलेले हाताने फिरवायचे पहिले धुलाई यंत्र आजही आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभे आहे. मात्र आता त्यात लेथवर हात पुसायला लागणाऱ्या चिंध्या ठेवल्या जातात. नव्या गिऱ्हाइकांना ते मी मुद्दाम दाखवते. वीज नसताना कपडे कसे धुवावेत, या प्रश्नाचे आमचे पहिले उत्तर किती अपुरे होते हे त्यांना त्यावरून कळते आणि आम्हालाही त्याचा विसर पडत नाही.

माझे माहेर गगनबावडा तालुक्यातले. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडतो तो याच भागात. जूनच्या मध्यावर झड लागली की ती गणपतीपर्यंत मागे हटत नसे आणि एखादे झाड तारांवर पडले की तीन-तीन, चार-चार दिवस वीज येत नसे. आई ओढ्यावर जाऊन धोपाटण्याने धुणे धुवत असे. कपडे स्वच्छ निघत, पण वाळत नसत. शेवटी चुलीच्या वर बांधलेल्या दोरीवर ते टाकावे लागत आणि आमच्या शाळेच्या गणवेशाला श्रावण संपेपर्यंत धुराचा वास येत असे. प्रश्न धुण्याचा नसून पाणी काढून टाकण्याचा आहे, हे खरे तर मला तेव्हाच कळायला हवे होते.

2008 मध्ये लग्न होऊन मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आले. मामांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, तेथे दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन एवढेच वर्कशॉप होते. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे मशिनिंग आणि हाताने चालवायच्या कडबाकुट्टीची चाके, यांवर घर चालत असे. मी बी.कॉम. झालेली असल्याने हिशेबाच्या वह्या आपोआपच माझ्याकडे आल्या. ती वर्षे भारनियमनाची होती. खेड्यापाड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. विजेवरचे धुलाई यंत्र घेण्याची ऐपत असलेल्या घरांतही ते टेबलासारखे वापरले जाई. आईचा खांदा दुखावला आणि तिला धुणे आपटणे अशक्य झाले, तेव्हा यजमानांनी 2010 च्या पावसाळ्यापूर्वी तिच्यासाठी एक यंत्र तयार केले.

साठ लिटरचे निळे प्लास्टिकचे पिंप, ते आडव्या आसावर बसवलेले, आत कपडे उचलून पाडणारी तीन पाती आणि फिरवायला कडबाकुट्टीचे जुने चाक, असे त्याचे स्वरूप होते. आपण काही नवीन शोध लावला आहे असे तेव्हा आम्हाला वाटले होते. पुढे वाचनात आले की फिरत्या पिंपाच्या अशाच कल्पनेवर अमेरिकेत हॅमिल्टन स्मिथ यांनी 1858 मध्येच पेटंट घेतले होते. मामांनी ते ऐकून एवढेच म्हटले, "चला, म्हणजे चालतंय हे तरी नक्की."

पहिल्या दोन वर्षांत आम्ही अशी चौदा यंत्रे विकली. सर्व गिऱ्हाइके ओळखीची, नात्यातली. वर्षभराने मी एकेका घरी जाऊन पाहिले तेव्हा नऊ यंत्रे बंद होती. एकात कोंबड्यांचे खाद्य होते. तक्रार कोणीच केली नाही, हे अधिक वाईट होते. स्पष्ट बोलली ती आईच. "धुतंय ब्येस, पण पिळायला कोण येणार?" असे तिने विचारले आणि आम्ही दोघेही गप्प बसलो.

येथे थोडा हिशेब मांडते, कारण आमचा पुढचा सगळा धंदा या हिशेबावर उभा आहे. तीन किलो सुती कपडे साबणाच्या पाण्यातून काढून कसेबसे पिळले, तर त्यांत सहज सहा लिटर पाणी उरते, आणि त्या पाण्यात साबण व मळ असतो. असे कपडे बारा लिटर स्वच्छ पाण्यात खळबळले की साबणाचा एक तृतीयांश भाग मागे राहतो. तेच कपडे नीट पिळून तीन लिटरच पाणी ठेवले, तर एक पंचमांश राहतो. म्हणजे नीट पिळलेल्या कपड्यांना दोन पाण्यांत जेवढी सफाई मिळते, जवळजवळ तेवढ्यासाठी अर्धवट पिळलेल्या कपड्यांना तीन पाणी लागतात. जिथे प्रत्येक बादली विहिरीतून शेंदून किंवा हापशावरून आणावी लागते, तिथे एक बादली वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय पिळणे एकदाच नसते. साबणातून काढताना एकदा आणि प्रत्येक पाण्यानंतर पुन्हा. आमच्या यंत्राने आपटण्याचे कष्ट वाचवले होते आणि मनगटाचे सगळे कष्ट तसेच ठेवले होते.

मग हाताने फिरवायची सुकवणी, म्हणजे कपडे भरलेली टोपली गरगर फिरवून पाणी बाहेर फेकणारे यंत्र, करून पाहिली. माणूस हँडल मिनिटाला साठ वेळा फिरवतो. एकास पाच प्रमाणाचे दाते लावले की टोपली तीनशे फेरे घेते. टोपलीची त्रिज्या पंधरा सेंटिमीटर धरली, तर कपड्यांतल्या पाण्यावर गुरुत्वाच्या पंधरा पट जोर पडतो. विजेच्या सुकवणीत तो दोनशे पटींहून अधिक असतो, त्यामुळे तुलनाच नव्हती. त्यातही कपडे एका बाजूला गोळा झाले की यंत्र अंगणभर चालू लागे. यजमानांनी त्यावर सात-आठ महिने घालवले आणि मीही त्यांना थांबवले नाही, कारण वह्यांतला तोटा मला दिसत असला तरी दुसरा मार्ग मलाही सुचत नव्हता.

मार्ग सापडला तो इचलकरंजीत. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात यजमान रोलच्या बेअरिंगच्या कामासाठी गेले होते. तेथे ओले कापड रबर चढवलेल्या दोन जड रोलांमधून दाबून काढतात; त्याला ते पॅडिंग मँगल म्हणतात. कापडाच्या वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के एवढेच पाणी किंवा रंग कापडात ठेवायचा, हे तिथले रोजचे काम. उसाच्या चरकातून कांडे जावे तसे कापड जात होते आणि पाणी खाली गळत होते. आमच्या जिल्ह्यात गुऱ्हाळे आणि रसवंत्या पावलोपावली असताना हे दृश्य पाहायला आम्हाला तीस किलोमीटर जावे लागले, याचे आजही हसू येते.

2013 मध्ये आम्ही घरगुती पिळणयंत्र बनवले. दीड फूट लांबीचे दोन रोल, इचलकरंजीतूनच रबर चढवून आणलेले. वरच्या रोलवर दोन स्प्रिंगांचा दाब आणि बाजूला हँडल. कपड्यांतले पाणी झपाट्याने उतरले, पण पहिल्याच आठवड्यात शर्टांची निम्मी बटणे फुटली. रबर मऊ करून घेतले, दाब कमी-जास्त करता यावा म्हणून वर विंग नट बसवले, आणि बटणे आत दुमडून, चेन लावून कपडा घालावा असे प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष दाखवू लागलो. दुसरा धडा अधिक गंभीर होता. एका प्रात्यक्षिकात माझ्याच साडीचा पदर रोलमध्ये ओढला गेला आणि हँडल फिरवणाऱ्या मुलाच्या ते लगेच ध्यानात आले नाही. मला इजा झाली नाही. पण त्या दिवसापासून झटका देताच वरचा रोल उचलला जाईल असा खटका आणि बोटे आत जाऊ नयेत म्हणून पुढे पट्टी लावल्याशिवाय एकही नग आमच्या दारातून बाहेर गेलेला नाही. खटक्यामुळे किंमत वाढते, तो काढून स्वस्तात द्या, असे सांगणारे व्यापारी भेटतात. त्यांना आम्ही चहा देतो आणि माल देत नाही.

ऑगस्ट 2019 चा महापूर आमच्या वाटचालीतला सर्वांत दाट काळ ठरला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या संगमातून पंचगंगा होते. त्यांतली कुंभी माझ्या माहेरच्या मुलखातली. तिकडचा पाऊस इकडे शहरात शिरला. पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद होता, उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने नळ कोरडे होते आणि कित्येक भागांत वीज नव्हती. वर्कशॉपमध्ये गुडघाभर पाणी आले, मोटारी गेल्या. पण माळ्यावर ठेवलेली अकरा पिळणयंत्रे आणि पाच पिंपे वाचली. पाणी ओसरू लागल्यावर ती आम्ही शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत सुरू असलेल्या निवारा छावणीत नेली.

तेथे जे शिकलो ते कोणत्याही प्रदर्शनात शिकायला मिळाले नसते. पुराच्या गाळात भरलेल्या कपड्यांना थेट साबण लावू नये, कारण तो मातीतच संपतो. आधी नुसत्या पाण्यात खळबळून, पिळून, गाळ काढावा आणि मगच साबणात भिजवावे. हा क्रम आम्हाला शिरोळकडच्या एका आजींनी शिकवला आणि आता तो आमच्या माहितीपत्रकात पहिल्या क्रमांकावर आहे. टँकरच्या पाण्याला रांग होती, म्हणून एकाच्या शेवटच्या खळबळीचे पाणी दुसऱ्याच्या पहिल्या गाळासाठी वापरले जाऊ लागले. ही व्यवस्था आम्ही लावली नव्हती, बायकांनी आपापसांत ठरवली. पिंपे फारशी वापरली गेली नाहीत. पिळणयंत्रांभोवती मात्र सकाळपासून गर्दी असे. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा आम्ही पिंपे नेलीच नाहीत.

त्याच हिवाळ्यात एका साखर कारखान्याच्या परिसरातल्या ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर गेलो. दिवाळीच्या आसपास बीडकडून आलेल्या टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उसाच्या पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्यांत राहतात; तिथे वीज नसते आणि पाणी कालव्याचे किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या बोअरचे. पहाटे फडात गेलेली बाई परत येऊन स्वयंपाक करते आणि मग उसाच्या चिकाने व काजळीने काळे झालेले कपडे धुवायला बसते. आम्ही पिंप आणि पिळणयंत्र जोडलेले मोठे यंत्र दाखवले. सगळे पाहून झाल्यावर एक बाई म्हणाल्या, "ताई, घुसळायला बादली हाय, घासायला दगड हाय. पिळायला दोघं लागतेत, अन् दुसरं माणूस गाडी घेऊन कारखान्यावर गेलेलं असतंय."

जाड गोधडी किंवा चादर एकट्याने पिळता येत नाही, हे प्रत्येक बाईला ठाऊक असते. कारखान्याच्या वजनकाट्यापुढे बैलगाड्या तासन् तास उभ्या असतात, त्यामुळे चादरीचे दुसरे टोक धरायला घरात माणूसच नसते. परतल्यावर यजमानांनी मोठ्या यंत्राचा सांगाडा बाजूला ठेवला आणि पिळणयंत्राला दोन शिकंजे बसवून ते टबाच्या काठाला, बाकाला किंवा बैलगाडीच्या दांड्याला आवळता येईल असे केले. वजन नऊ किलोंवर आणले. आज आमच्या विक्रीतला मोठा वाटा या एकाच वस्तूचा आहे. तिच्याबरोबर घुसळणीही देतो. लांब दांड्याला खाली सच्छिद्र घंटा, तिच्यात हवा कोंडली जाते आणि खाली दाबताना पाणी कपड्यांतून जोराने ढकलले जाते. आपल्या रवीची धाकटी बहीण म्हणावी अशी. पुण्यात स्पर्धा परीक्षांसाठी खोली घेऊन राहणारी मुले ती अधिक घेतात. त्यांच्या खोलीत वीज असते, पण धुलाई यंत्र ठेवायला जागा नसते.

धंदा म्हणून ही वाट सोपी नव्हती, हेही नोंदवते. एका संस्थेने साठ यंत्रांची मागणी नोंदवली, माल उचलला आणि निम्मे पैसे आजतागायत दिलेले नाहीत. त्या वर्षी कामगारांचे पगार मी माझ्या पाटल्या गहाण ठेवून केले. तेव्हापासून कितीही मोठी मागणी असली तरी अर्धी रक्कम आधी घेतो. 2020 च्या टाळेबंदीत वर्कशॉप बंद होते. ते उघडले तेव्हा घरकामाच्या बाई येऊ न शकल्याने शहरांतून मागणी आली आणि जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर, कित्येक आठवडे वीज नसलेल्या दापोली-श्रीवर्धन पट्ट्यातूनही. शहरातली ती गिऱ्हाइके पुढे पांगली, कोकणातली टिकली.

या कामात आम्ही एकटे नाही. केरळच्या रम्या जोस यांचे पायडलवर चालणारे यंत्र नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने देशापुढे आणले. ब्रिटनमधल्या नवजोत साहनी यांनी तमिळनाडूत राहत असताना शेजारणीचे धुण्याचे कष्ट पाहिले आणि 2018 मध्ये काम सुरू करून त्या शेजारणीचेच, दिव्या हे, नाव आपल्या हातयंत्राला दिले. पायडलची कल्पना आम्हालाही मोहवते, कारण पायांत हातांपेक्षा जोर अधिक. परंतु आमच्याकडे यंत्र वापरणाऱ्या निम्म्याहून अधिक बायका नऊवारीत असतात आणि चाकाशेजारी लुगडे म्हटले की मला माझा पदर आठवतो.

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. घट बसण्यापूर्वी आमच्याकडे घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुवून काढतात, आणि त्या पंधरवड्यात फोनवर एकच प्रश्न येतो : वाकळ बसते का? चार-पाच जुन्या लुगड्यांचे थर असलेली वाकळ ओली झाली की तिची घडी आमच्या रोलांमध्ये शिरत नाही. रोलांमधले अंतर वाढवले तर दाब उरत नाही, आणि दाब वाढवला तर हँडल फिरत नाही. यजमानांनी तीन रोलांचा एक नमुना केला आहे, पण तो उचलायला चार माणसे लागतात. म्हणून विचारणाऱ्याला आम्ही सध्या नाही म्हणून सांगतो. आमच्या स्वतःच्या वाकळाही दरवर्षी टेम्पोत घालून माहेरी नेतो आणि वहिनी एक टोक धरते, मी दुसरे.