तुम्ही विचारलंत म्हणून : ते हुकूमशहाशीच लढत होते ना?

‘एल देसाफिओ: एता’ ही, उत्तर स्पेनमधला बास्क प्रदेश स्वतंत्र करायला शस्त्र उचललेल्या एता या संघटनेवरची, 2020 साली प्राइमवर आलेली स्पॅनिश माहितीपट मालिका मी ज्यांना ज्यांना पाहायला सांगते, त्यांचा सुरुवातीच्या भागांनंतर फोन येतोच. “अहो, हे तर स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्याविरुद्ध लढत होते. आपल्याकडे अशांना क्रांतिकारक म्हणतात. मग दहशतवादी का म्हणायचं?”

प्रश्न रास्त आहे. फ्रँकोच्या राजवटीत बास्क भाषेची गळचेपी झाली आणि 1959 साली एता उभी राहिली. 1973च्या डिसेंबरात त्यांनी माद्रिदमध्ये रस्त्याखाली भुयार खणलं, स्फोटकं भरली आणि पंतप्रधान कारेरो ब्लांकोंची गाडी अशी उडवली की ती अख्खी इमारत ओलांडून आतल्या बाजूच्या गच्चीत जाऊन पडली. फ्रँकोचा वारसदारच गेला. मनातून खूश झालेले लोक तेव्हा स्पेनमध्ये कमी नव्हते.

पण तारखा बघा. फ्रँको 1975मध्ये मेला. 1977मध्ये राजकीय कैद्यांना माफी, 1978मध्ये राज्यघटना, 1979मध्ये बास्क प्रदेशाला स्वायत्तता. आणि एताने सगळ्यात जास्त माणसं मारली ती 1980मध्ये! एकूण बळी साडेआठशेच्या आसपास. त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त हुकूमशहा गेल्यानंतरचे. 1987मध्ये बार्सिलोनाच्या इपेरकोर सुपरमार्केटमध्ये 21 जण गेले, ते खरेदीला आलेले. व्यापाऱ्यांकडून जी खंडणी उकळायचे तिला ‘क्रांतिकर’, म्हणजे क्रांतीसाठीचा कर, म्हणायचे. नाव काही वाईट नाही!

आपल्या माणसांनाही सोडलं नाही. योयेस ही एताच्या नेतृत्वात पोचलेली पहिली बाई. संघटना सोडून मेक्सिकोला गेली, 1985मध्ये परतली. पुढच्याच वर्षी तिच्याच ऑर्दिसिया गावात, तीन वर्षांचा मुलगा सोबत असताना, तिला गोळ्या घातल्या. ती गद्दार ठरली होती.

म्हणून सरकार धुतल्या तांदळासारखं होतं असं नाही. 1983 ते 87 या काळात एताविरुद्ध उभ्या राहिलेल्या गाल नावाच्या टोळीने 27 माणसं मारली. तिच्यामागे सरकारी पैसा होता, आणि तिने केलेल्या एका अपहरणापायी माजी गृहमंत्र्याला शिक्षा झाली. मालिका बरीचशी ग्वार्दिया सिविल या स्पॅनिश पोलीस दलाच्या अधिकाऱ्यांच्या तोंडून सांगितलेली आहे. हा भाग बघताना तेवढं लक्षात असू द्या.

मला विचाराल तर 1997चा जुलै नीट बघा. बास्क प्रदेशातल्या एर्मुआ गावचा 29 वर्षांचा नगरसेवक मिगेल आंखेल ब्लांको याला एताने पळवलं. अट अशी, की 48 तासांत आमच्या कैद्यांना बास्क प्रदेशातल्या तुरुंगांत आणा, नाहीतर मारू. मारलंच. लाखो लोक रस्त्यावर आले. ओळख पटली तर जीव जाईल म्हणून एरवी तोंड झाकून फिरणाऱ्या बास्क पोलिसांनी गर्दीसमोर बुरखे काढले, लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या. त्याच एर्मुआत जमावाने एतासमर्थक पक्षाच्या कार्यालयाला आग लावली, तेव्हा महापौर स्वतः अग्निशामक नळकांडं घेऊन ती विझवायला धावला.

एताने 2011मध्ये शस्त्रं थांबवली, 2018मध्ये संघटनाच गुंडाळली. तीनशेहून जास्त खुनांचा छडा अजून लागलेला नाही. स्वतंत्र बास्क देशाची मागणी मात्र कुठे गेलेली नाही. 2024च्या निवडणुकीत ती मागणी करणाऱ्या बिल्दू आघाडीला तिथल्या 75 जणांच्या संसदेत 27 जागा मिळाल्या, सत्ताधारी पक्षाइतक्याच.