फोल्डरची परवानगी देताना

जुनी छायाचित्रे वर्षवार लावण्यासाठी मी अलीकडे ब्राउझरमध्येच चालणारे एक ॲप वापरून पाहिले. त्याने फोल्डर मागितला, मी तो निवडला, आणि या संकेतस्थळाला फाइली पाहू द्यायच्या का, असे विचारणारी चौकट समोर आली. ‘होय’ म्हणणार तेवढ्यात आठवले, की त्याच फोल्डरच्या पोटात पासपोर्टच्या स्कॅनचा उपफोल्डर आणि पासवर्ड टिपून ठेवलेली एक साधी टेक्स्ट फाइल आहे. मी नकार दिला. पण चौकटीत फक्त वरच्या फोल्डरचे नाव होते, आत काय आहे याचा मागमूसही नव्हता.

वेबपानावरचे फाइल निवडण्याचे जुने बटण यापेक्षा पुष्कळ मर्यादित आहे. त्यातून संकेतस्थळाला निवडलेली फाइल वाचता येते, मूळ जागी बदलता येत नाही. ती संगणकावर नेमकी कुठे आहे हे सांगणारा खरा मार्गही ब्राउझर लपवतो आणि ‘फेकपाथ’ असा बनावट मार्ग पुढे करतो. ऑक्टोबर 2020 मध्ये क्रोमच्या 86व्या आवृत्तीत ‘फाइल सिस्टिम ॲक्सेस’ ही सोय आली आणि परवानगी मिळाल्यास वेब ॲपला संगणकावरची फाइल थेट बदलून जतन करता येऊ लागली. कोड किंवा चित्रे संपादित करणाऱ्यांना ती खरोखर उपयोगी आहे. शिवाय क्रोम सुरक्षित जोडणीचा आग्रह धरतो, प्रणालीचे महत्त्वाचे फोल्डर देऊ देत नाही आणि लिहिण्याची परवानगी वेगळी मागतो, हेही मान्य केले पाहिजे. फायरफॉक्स आणि सफारी यांनी मात्र वापरकर्त्याच्या फाइलींपासून अलग असलेला खासगी साठाच तेवढा संकेतस्थळांना दिला आहे, आणि मला ती सावधगिरी रास्त वाटते.

2023 च्या युसेनिक्स या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत संशोधकांनी दाखवून दिले, की लिहिण्याची परवानगी मिळालेले वेबपान फोल्डरमधल्या फाइली कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून, खंडणीखोर सॉफ्टवेअरचे (रॅन्समवेअर) काम करू शकते. त्यासाठी संगणकावर काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. फाइली बदलतो तो आपला नेहमीचा ब्राउझरच.

मला अधिक काळजी वाटते ती आणखी एका गोष्टीची. ही परवानगी आपण एका कामासाठी देतो, पण ब्राउझर ती त्या संपूर्ण संकेतस्थळाच्या नावे नोंदवतो. त्यामुळे त्या पानात जाहिरातीसाठी किंवा भेटींच्या मोजणीसाठी थेट जोडलेली तिऱ्हाइताची स्क्रिप्टही (पानात चालणारा छोटा प्रोग्राम) त्याच अधिकाराने चालते, आणि तिच्यात उद्या कोणी बिघाड घुसवला तर आपल्याला पुन्हा विचारले जाईलच असे नाही. 2024 पासून क्रोममध्ये ‘प्रत्येक भेटीत परवानगी द्या’ असाही पर्याय मिळतो. तो मी निवडत नाही.

फोल्डरच्या नावाखाली आतल्या फाइलींची संख्या आणि उपफोल्डरांची नावे एवढे जरी ब्राउझरने दाखवले, तरी होकार देणाऱ्याला आपण काय देत आहोत हे कळेल. तूर्त मी एक रिकामा फोल्डर केला, त्यात केवळ छायाचित्रांच्या प्रती ठेवल्या आणि तेवढाच त्या ॲपला दिला.